साक्षगंध झालेला स्टेमसेल डोनर: नागपुरातलं एक प्रकरण

नावं, मोहल्ले, नातेवाइकांची गावं बदलली आहेत आणि ज्यांच्या घरातलं हे प्रकरण आहे त्यांना वाचून दाखवून मगच इथं टाकतेय. मी नागपुरात मेडिकल सोशल वर्करचं काम करते, रक्ताचे आजार असलेले पेशंट आणि त्यांचे घरचे हे माझं रोजचंच. पण इथं मी डोनरच्या घरी बसले होते. पेशंट कोण, कुठली, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

पार्श्वभूमी

अमोल, वय २७, मिहानमधे आयटीत नोकरी, घर मानेवाड्याकडे. वडील एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर, आई घरीच, धाकटी बहीण बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजला असताना कॅम्पसमधे एका स्टेमसेल रजिस्ट्रीचा (स्टेमसेल म्हणजे हाडातल्या मगजातल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या रक्त बनवणाऱ्या पेशी, आणि त्या द्यायला तयार असलेल्यांची नोंद ठेवते ती रजिस्ट्री) स्टॉल लागला होता, मित्र गेले म्हणून हाही गेला, फॉर्म भरला, गालाच्या आतून काडी फिरवून दिली, सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला टाकला आणि विसरून गेला. घरी सांगितलंच नाही. काडी तर फिरवली, त्यात सांगायचं काय, असं त्याचं म्हणणं.

त्या काडीवरून एचएलए तपासतात. एचएलए म्हणजे आपल्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, डोनरच्या आणि पेशंटच्या त्या जुळाव्या लागतात, त्याची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि अर्धा संच आईकडून अर्धा वडिलांकडून येतो, म्हणून सख्ख्या भावाबहिणीत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. आता घरात एक नाहीतर दोन लेकरं, मग बहुतेक पेशंटना घरात जुळणारं कोणी सापडतच नाही आणि अनोळखी माणूस शोधावा लागतो. रक्तगट जुळलाच पाहिजे असं काही नाही, उलट ट्रान्सप्लांट (डोनरच्या या पेशी पेशंटला चढवणं) यशस्वी झालं की पेशंटचाच रक्तगट हळूहळू डोनरचा होतो. जगातल्या सगळ्या रजिस्ट्र्या धरून ४ कोटींच्या वर लोकांची नोंद आहे, पण या खुणा वंशाप्रमाणे बदलतात, म्हणून भारतीय पेशंटला भारतीय डोनर जुळायचा संभव जास्त आणि आपल्या देशातली नोंद लोकसंख्येच्या मानानी अगदीच किरकोळ. आपल्याकडे दात्री ही रजिस्ट्री २००९ पासून काम करते, जर्मनीत १९९१ ला सुरू झालेल्या डीकेएमएसची भारतातली शाखा बंगळुरूहून चालते, अजूनही आहेत. अमोल कोणाकडे होता ते सांगत नाही, फरक पडत नाही.

रजिस्ट्रीनी त्याला शोधायला सुरुवात केली तेव्हा फॉर्मवरचा मोबाईल नंबर बंद पडलेला होता, सिम कधीच बदललं होतं. शेवटी फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून ज्या मित्राचा नंबर होता त्याच्यामार्फत फोन लागला. सांगितलं इतकंच की दहाएक वर्षांची मुलगी आहे, दुसऱ्या राज्यात आहे, अक्युट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर आहे, किमो देऊन आजार दाबून ठेवलाय, म्हणजे रेमिशनमधे आहे, आणि तुमचा मॅच दहापैकी दहा दिसतोय. पुढे जायची तयारी आहे का?

अमोल फोनवरच हो म्हणाला. कन्फर्मेटरी टायपिंगसाठी (मॅच खरंच जुळतो का याची पुन्हा खात्री) आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस वगैरे तपासायला रक्त दिलं. रिपोर्ट जुळले आणि पेशंटच्या डॉक्टरांनी त्याचीच निवड केली.

आता वेळ बघा. अमोलचं साक्षगंध होऊन थोडेच दिवस झाले होते, मुलगी वर्ध्याची (तिला श्वेता म्हणू), लग्न मे महिन्यात, हॉल बुक, बस्त्याची यादी सुरू. आणि हॉस्पिटलला पेशी हव्या होत्या मार्चअखेर.

अडचण

घरी कळलं ते रजिस्ट्रीच्या कुरिअरच्या पाकिटानी. त्यात कन्सेंटचे कागद होते, बहिणीनी उघडले, आईनी "बोन मॅरो" हा शब्द वाचला आणि घरात जे व्हायचं ते झालं.

"काहून रे, तुलेच सापडलं काय पुण्य करायले? लग्न तोंडावर आलं अन् तू हाडातला मगज काढून देऊन राहिला?"

आईची भीती मला अडाणीपणाची वाटली नाही हे आधीच सांगते. तिच्या डोक्यात पाठीच्या कण्यात सुई घालणार, मणका कमजोर होणार, पोरगा जन्माचा कंबर धरून बसणार आणि लेकरं होणार नाहीत, असं सगळं एकात एक मिसळलेलं होतं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढतात ती तपासणी वेगळी, बोन मॅरो काढतात ती जागा वेगळी (कमरेच्या मागच्या बाजूचं मोठं हाड, मणका नाही), आणि आता तर बहुतेक डोनरकडून हातातल्या रक्तातूनच पेशी घेतात, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. सांगणार कोण, पोरगाच लपवून बसला होता.

त्यावर काटोलचे मामा आले. या घरात मामांचा शब्द चालतो, साक्षगंधाचं सगळं त्यांनीच जमवलेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी लग्न होऊ दे, मग काय दान करायचं ते कर, आणि तोपर्यंत वर्ध्याला हे कळता कामा नये, पोरात काही खोट आहे म्हणतील.

अमोलच्या बहिणीच्या मैत्रिणीची आई माझ्या ओळखीची, अशा खास नागपुरी रस्त्यानी मला फोन आला की ताई एकदा येऊन बोला. मी रजिस्ट्रीची माणूस नाही हे पहिल्या मिनिटाला सांगून टाकलं आणि मला वाटतं त्यामुळेच आई माझ्याशी बोलली.

कोणकोणते पर्याय होते

पहिला, सरळ नाही म्हणणं. हा डोनरचा हक्कच आहे, कारण विचारायचं नसतं आणि लाज वाटून घ्यायचीही गरज नाही. अमोलनी मला विचारलं, मी नाही म्हटलं तर ती मरेल का? याचं खरं उत्तर असं की लगेच दार बंद होत नाही. दुसरा डोनर आहे का बघतात, नाहीतर आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरतात, त्याला हाप्लो म्हणतात आणि आता बऱ्याच ठिकाणी होतं. पण त्यात डॉक्टरांना सगळी आखणी नव्यानी करावी लागते आणि ल्युकेमियात आजार उलटायला वेळ लागत नाही.

दुसरा, लग्न झाल्यावर देणं, म्हणजे मामांचा पर्याय. ऐकायला मधला मार्ग वाटतो. पण रेमिशनमधल्या लेकराला तीन महिने थांबवणं म्हणजे तिच्यापुरता तो नकारच, फक्त गोड शब्दात. मी मामांना हे असंच सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

तिसरा, घरी कोणाला न सांगता देणं. अमोल सज्ञान आहे, कायद्यानी सही त्याचीच लागते, पेशी पुण्यात घेणार होते, ऑफिसच्या कामानी पुण्याला जातो म्हणून सांगितलं की झालं. त्याचा कल इकडेच होता आणि मला हाच पर्याय सगळ्यात घातक वाटत होता. का ते नीट सांगते, कारण सगळं प्रकरण इथंच अडतं.

ट्रान्सप्लांटच्या आधी साधारण आठवडाभर पेशंटला जबरदस्त किमो देतात, कधी रेडिएशनही, याला कंडिशनिंग म्हणतात. तिचा स्वतःचा बोन मॅरो त्यात पार संपवून टाकतात, म्हणजे उरलेसुरले कॅन्सरचे सेल जातात आणि नवीन पेशींना जागा होते. त्या दिवसानंतर तिच्या अंगात रक्त बनवणारं काही राहत नाही. डोनर त्या तारखेनंतर मागे फिरला तर पेशंटच्या वाचण्याची आशा जवळजवळ संपते. म्हणून डोनरच्या "हो"ला एक शेवटची तारीख असते आणि ती डोनेशनच्या दिवसाची नसते, त्याच्या आठवडाभर आधीची असते. लपवून पुण्याला गेलेला पोरगा, आणि कंडिशनिंग सुरू झाल्यावर आईला कळतं, ती फोनवर रडते, मामा गाडी काढून येतात… हे मी त्याला समोर मांडलं. तू मोडणार नाहीस याची खात्री आहे? तो गप्प बसला.

चौथा, सगळं घरात मांडून, डॉक्टरांना समोर बसवून त्या तारखेच्या आत काय ते ठरवणं. हो तर हो, नाही तर नाही.

पेशी कशा द्यायच्या हाही एक प्रश्न असतो, रक्तातून की भूल देऊन कमरेच्या हाडातून. थॅलेसिमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारात डॉक्टर बरेचदा हाडातल्या मॅरोला पसंती देतात. इथं मागणी रक्तातून घेण्याचीच होती, म्हणून त्यावर जास्त खल झाला नाही.

घरातली बैठक

रविवारी सकाळी बैठक झाली. माझ्या ओळखीचे रक्तविकारांचे डॉक्टर यायला तयार झाले, रजिस्ट्रीची काउन्सेलर व्हिडिओ कॉलवर. तर्रीपोहे झाले, मग आईनी तिचे सगळे प्रश्न विचारले आणि डॉक्टरांनी एकालाही हसण्यावारी नेलं नाही, हे महत्त्वाचं. लेकरं होण्यावर परिणाम? होत नाही. कमजोरी? काही दिवस थकवा, पेशी काही आठवड्यांत भरून येतात. धोका अजिबात नाही का? आहे. पेशी रक्तात उतरवायला आधी इंजेक्शन देतात त्यानी हाडं दुखतात, डोकं दुखतं, प्लीहा थोडी वाढते म्हणून त्या दिवसात धक्काबुक्कीचे खेळ नाही खेळायचे, फार क्वचित गंभीर काही होऊ शकतं. हे शेवटचं ऐकून आई बिथरेल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. ती म्हणाली, "आता खरं बोलून राहिले तुम्ही."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, म्हणजे विहीर उपसली की झरे पुन्हा भरतात तसं? डॉक्टर म्हणाले तसंच धरा.

आणि मग वडील बोलले. तोपर्यंत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी नोकरीभर रक्तदान केलेलं, डेपोतल्या कॅम्पची जुनी कार्डं त्यांच्या ट्रंकेत होती, ती आणून समोर ठेवली आणि म्हणाले मी जातो याच्यासोबत पुण्याला. विषय तिथंच संपला.

म्हणजे आम्हाला असं वाटलं.

मधेच निघालेलं सिकलसेल

डोनेशनच्या आधी डोनरची पूर्ण मेडिकल तपासणी होते, इसीजी, छातीचा एक्सरे, रक्ताच्या बऱ्याच टेस्ट. विदर्भातला डोनर म्हटल्यावर डॉक्टरांनी हिमोग्लोबिनची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी) आवर्जून करायला सांगितली. रिपोर्ट आला: एएस पॅटर्न. अमोल सिकलसेलचा वाहक निघाला.

इकडचे लोक हे जाणतात, बाहेरच्यांसाठी थोडक्यात. सिकलसेलचं जनुक दोन्हीकडून आलं तर एसएस, म्हणजे आजार, लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात, भयंकर दुखतं, लेकरं वारंवार ॲडमिट होतात. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक, माणूस ठणठणीत असतो, जन्मभर पत्ताही लागत नाही. विदर्भात याचं प्रमाण मोठं आहे. सरकारनी १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलंय, तपासण्या चालू आहेत, पण अमोलसारखे शहरात वाढलेले, तब्येतीनं चांगले लोक या तपासणीत सापडतच नाहीत. शिवाय प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं, "ते आपल्या लोकांत नसते." या घरातही तेच ऐकलं.

डोनेशनच्या दृष्टीनी प्रश्न असा की पेशी रक्तात उतरवणारं ते ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन, फिल्ग्रास्टिम, एसएस माणसाला धोकादायक ठरू शकतं, क्रायसिस, म्हणजे त्या भयंकर दुखण्याचा झटका येतो, जिवावर बेतल्याच्याही नोंदी आहेत. एएसवाल्यांनी मात्र ते सहसा नीट सोसलेलं आहे, आणि एएस डोनर पेशंटलाही चालतो, कारण पेशंटला त्यातून सिकलसेलचा आजार होत नाही, ती वाहक होईल इतकंच. तरी निर्णय आपोआप होत नाही. अमोलला नव्यानी सगळं सांगून पुन्हा विचारलं गेलं, पेशंटच्या डॉक्टरांनाही कळवलं. त्यांनी विचार करून हो सांगितलं, पेशी गोठवून ठेवायच्या नाहीत, ताज्याच द्यायच्या असं ठरलं, कारण एएस डोनरच्या पेशी गोठवून पुन्हा वितळवताना अडचण येऊ शकते. अमोल म्हणाला, माझं हो कायम आहे.

पण आता दुसरी गाठ. अमोल एएस आहे, मग श्वेता? ती पण एएस निघाली तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस लेकराची. ती एए, म्हणजे सिकलसेलचं जनुक नसलेली असेल तर एसएस होणारच नाही, फार तर वाहक होतील.

मामांनी पुन्हा तेच सांगितलं, बोलू नका, लग्न मोडेल. आई मधे सापडली. यावेळी मी थोडं कडक बोलले. लग्नानंतर पोटात लेकरू असताना हे कळलं तर काय होतं ते मी वॉर्डात बघते, नवराबायको दोघंही एएस, गर्भाची तपासणी करायला उशीर झालेला, आणि मग घरातले एकमेकांवर दोष टाकत बसतात. आधी कळलं तर निदान हातात वेळ असतो.

कोणाला आधी सांगायचं यावर बराच वाद झाला. मामा म्हणाले सांगायचंच असेल तर मी तिच्या वडिलांशी बोलतो, मोठ्यांचं मोठ्यांत. अमोलनी ते मानलं नाही. त्यानी श्वेताला फोन केला, स्टेमसेल आणि एएस दोन्ही एकाच फोनमधे सांगून टाकलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय हाच, आणि त्यात माझा काही वाटा नाही. श्वेता दुसऱ्याच दिवशी वर्ध्याच्या लॅबमधे गेली, रक्त दिलं आणि मग तिच्या घरी सांगितलं.

तिचे वडील चिडले, टेस्टवर नाही, आपल्याला शेवटी कळलं यावर. त्यांनी चार दिवस मागितले. त्या चार दिवसांत अमोलची आई किती वेळा मला फोन करून "तुमच्यामुळं झालं" म्हणाली त्याचा हिशोब ठेवला नाही. रिपोर्ट आला, श्वेता एए. तिच्या वडिलांनी बैठकीतल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि मग म्हणाले, लग्नाची तारीख तीच राहील, पण पुढे असं काही असलं तर आम्हाला कुरिअरच्या आधी कळवा. (कुरिअरची गोष्ट तोपर्यंत वर्ध्यापर्यंत पोहोचली होती.)

हे सगळं कंडिशनिंगच्या तारखेच्या आत झालं. फार आरामात नाही झालं, पण आत झालं.

डोनेशन

फिल्ग्रास्टिमची इंजेक्शनं पाच दिवस असतात. पहिले काही डोस नागपुरातच झाले, सिस्टर घरी येऊन पोटावर टोचून जायची. त्या औषधानी हाडातल्या स्टेमसेल रक्तात उतरतात आणि तेव्हाच हाडं ठणकतात. अमोलला तिसऱ्या दिवशी कंबर आणि मांडीची हाडं चांगलीच दुखली, ताप आल्यासारखं झालं, पॅरासिटामॉल घेऊन झोपला, आई रात्री उठून कपाळाला हात लावून बघायची. नंतर बापलेक पुण्याला गेले, कलेक्शन तिथं होतं. प्रवास, राहणं, औषधं, यातलं काहीच डोनरच्या खिशातून जात नाही आणि डोनेशनचे पैसे मिळत नाहीत.

कलेक्शन म्हणजे अफेरेसिसचं मशीन. एका हातातून रक्त जातं, मशीन स्टेमसेल बाजूला काढतं, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं, चारेक तास. दोन्ही हात सरळ ठेवून पडून राहायचं, नाक खाजलं तरी दुसऱ्यानी खाजवायचं. रक्त गोठू नये म्हणून मशीनमधे जे सायट्रेट घालतात त्यानी अंगातलं कॅल्शियम उतरतं, अमोलच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या, त्यानी लगेच सांगितलं, कॅल्शियम दिलं, मुंग्या गेल्या. हे लगेच सांगायचं असतं, सहन करत पडायचं नसतं. वडील शेजारी बसून त्याला कणीस, मग केळं भरवत होते आणि पुण्यातल्या पोह्यांवर तर्री का नसते यावर त्यांचं नर्सशी बोलणं चाललं होतं.

पेशी किती निघाल्या हे सीडी३४ नावाच्या मोजणीवरून ठरतं. पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ४० ते ५० लाख मिळाल्या तर डॉक्टर खूश असतात. डोनर धडधाकट माणूस आणि पेशंट लहान लेकरू, त्यामुळे एकाच दिवसात भागलं. छोटीशी पिशवी, लेबलवर नाव नाही, फक्त नंबर. ती घ्यायला एक माणूस थंड पेटी घेऊन आला होता. हे लोक पेटी हातातून सोडत नाहीत आणि विमानतळावर एक्सरे मशीनमधे घालू देत नाहीत, त्याची कागदपत्रं सोबत असतात. ताज्या पेशी ७२ तासांच्या आत पेशंटच्या अंगात गेल्या पाहिजेत. तिथं ऑपरेशन वगैरे काही नसतं, रक्त चढवतात तशीच सलाइनमधून चढते ती पिशवी, आणि पेशी आपला रस्ता शोधत हाडात जाऊन बसतात.

अमोल पाच-सहा दिवसांत कामावर गेला. त्याच्या प्लेटलेट थोड्या उतरल्या होत्या, पुढच्या तपासणीत भरून आल्या. लग्न मे महिन्यात झालं, उन्हात, ठरल्याप्रमाणे.

पुढे काय झालं

रजिस्ट्रीकडून पहिली खबर आली ती "पेशी रुजल्या" इतकीच. ट्रान्सप्लांटनंतर दोन ते चार आठवड्यांत पांढऱ्या पेशी वर यायला लागतात, ते झालं. मला लोक विचारतात की ल्युकेमियात याचा फायदा नेमका काय, नवीन रक्त मिळालं म्हणून? तेवढंच नाही. डोनरची प्रतिकारशक्ती पेशंटच्या अंगात जाते आणि किमोतून वाचलेले कॅन्सरचे सेल परके म्हणून मारते. हीच ताकद उलटली की नवीन पेशी पेशंटच्या कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. या मुलीला कातडीवर ते थोडं आलं, औषधांनी आटोक्यात आलं. ट्रान्सप्लांट करून सगळं सुरळीत असं कधीच नसतं. हे तंत्र ज्यांनी उभं केलं त्या डॉ. डोनाल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं, आणि भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ ला मुंबईच्या टाटा मेमोरियलमधे झालं, तरी जीव्हीएचडीशी झुंज अजून चालूच आहे.

दिवाळीच्या आसपास रजिस्ट्रीचा पुन्हा फोन. पेशंटच्या रक्तात डोनरच्या पेशींचं प्रमाण कमी व्हायला लागलंय, आजार परत यायची भीती आहे, डोनरचे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मिळतील का? याला डीएलआय म्हणतात. त्याला सहसा ती हाडं दुखवणारी इंजेक्शनं लागत नाहीत, मशीनवर बसावं लागतं इतकंच.

ही शक्यता कन्सेंटच्या कागदात होती, पण आमच्या त्या रविवारच्या बैठकीत त्यावर कोणी दोन मिनिटंही थांबलं नव्हतं. आता घरात सून होती आणि नवीन नातं. यावेळी बैठकबिठक काही झाली नाही, अमोलनी श्वेताला विचारलं, श्वेतानी तिच्या वडिलांना कळवलं (कुरिअरच्या आधी) आणि दोघं मिळून पुण्याला जाऊन आले. आईनी डबा दिला, "एकदा दिलं न, आता अर्ध्यावर काय सोडता" म्हणाली.

शेवटची खबर अशी की मुलीच्या रक्तातल्या डोनरच्या पेशी पुन्हा पूर्ण झाल्यात आणि ती घरी आहे. ल्युकेमियातून सुटली असं म्हणायला अजून वेळ आहे. रजिस्ट्रीच्या नियमात बसेल तेव्हा आणि दोन्हीकडून हो असेल तर भेट होऊ शकते. अमोलला भेटायची तितकी घाई नाही, श्वेताला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदणीच्या दिवशीच घरच्यांचा विषय निघायला हवा होता. कॅम्पमधे काडी फिरवून सर्टिफिकेट द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि पोरांना उत्साहात कोणी विचारत नाही की बाबा, उद्या खरंच फोन आला तर तुझी आई काय म्हणेल? मला वाटतं फॉर्म घरी न्यायला सांगावा. नोंदणी कमी होईल, होऊ दे, पण जे राहतील ते ऐनवेळी टिकतील. मॅच निघाल्यावर नाही म्हणणाऱ्या डोनरचं काही चुकतं असं मी मानत नाही, चुकतं ते त्याला आधी नीट न सांगणाऱ्यांचं.

नंबरचं तर काय बोलायचं. मित्राचा नंबर फॉर्मवर नसता तर हे प्रकरणच घडलं नसतं. सिम बदललं, गाव बदललं की रजिस्ट्रीला कळवायला दोन मिनिटं लागतात.

वडिलांशी आधी बोलायला हवं होतं. आम्ही सगळे आई आणि मामांभोवती फिरत राहिलो कारण तेच बोलत होते.

विदर्भात कॅम्प घेणाऱ्यांनी काडीसोबत सिकलसेलची तपासणीही ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी, फार खर्चाचं काम नाही. अमोलला कॉलेजातच कळलं असतं, साक्षगंधाच्या आधी दोन्ही घरांनी शांतपणे बसून बोललं असतं, आणि डोनेशनच्या तारखेशी त्याची अशी टक्कर झाली नसती.

दुसऱ्यांदा मागणी येऊ शकते हे पहिल्याच बैठकीत मोठ्यानी सांगायला हवं, कागदातल्या ओळीच्या भरवशावर सोडू नये. या घरात निभावलं, दुसऱ्या घरात निभावेलच असं नाही.

अमोल एएस निघाल्यावर घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं असं मी मागे लागून करवलं. वडील एए, आई एएस, बहीणही एएस. बहिणीला रजिस्ट्रीत नाव द्यायचंय, आईची अट एकच, लग्न ठरायच्या आधी दे आणि स्थळ बघायला आलं की पहिले रिपोर्ट दाखव. आई एएस म्हणजे मामा पण असू शकतात. त्यांनी अजून रक्त दिलेलं नाही, संत्र्याचा हंगाम आटपू द्या म्हणतात. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं सुरू आहे, म्हणून मी आता मामांना सोडून सरळ त्या मुलीलाच फोन केलाय.